पाच मीटर इकडे-तिकडे

पुण्यात स्वस्त वस्तू घेणं फार महागात पडतं. महाग वस्तूचं तसं नसतं. फ्लॅट घेताना माणूस दोन फेऱ्यांत सही करून मोकळा होतो, कारण आपल्या हातात फारसं काही नाही हे त्याला उमगलेलं असतं. पण पंधरा-वीस हजारांच्या आतली, घरात कुणालाच नीटशी न कळणारी आणि नाही घेतली तरी काही बिघडणार नाही अशी वस्तू घ्यायची ठरली, की तिच्यावर बोलायला घर, शेजार, ऑफिस आणि अमेरिका, सगळ्यांना सवड असते. हातात धरायचं जीपीएस यंत्र ही नेमकी अशी वस्तू आहे. त्यातून ते जिओकॅशिंगसाठी, तेही सहकुटुंब खेळायला हवंय म्हटल्यावर तर विचारूच नका.

खेळ तसा सोपा. कुणीतरी एक डबी कुठंतरी दडवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी त्या आकड्यांवरून ती हुडकायची. डबीत एक छोटी वही असते, तीत नाव-तारीख लिहायची. डबी ऐसपैस असेल तर आत गोट्या, कीचेन, खेळण्यातल्या मोटारी असलं काहीबाही असतं. त्यातलं एक उचलायचं, त्याच तोलाचं दुसरं काही ठेवायचं आणि डबी होती तिथं परत. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, पेपरात फोटो नाही.

"मग मिळतं काय?" आईनं विचारलं.

"सापडल्याचा आनंद," मी म्हणालो.

"तो मला रोज चष्मा सापडल्यावर होतो," आई म्हणाली आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

या खेळाची जन्मकथा मात्र तारीखवार उपलब्ध आहे. जीपीएस ही मुळात अमेरिकी लष्कराची व्यवस्था. बाकीच्या जगाला ती वापरायला मिळत होती, पण संदेशात मुद्दाम घोळ घालून. त्यामुळे सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. शंभर मीटर म्हणजे किती, हे सदाशिव पेठेत राहणाऱ्याला विचारा. तेवढ्यात दोन मारुती, एक मंगल कार्यालय आणि तीन क्लासेस बसतात. १ मे २००० रोजी, म्हणजे आपण इकडं महाराष्ट्राच्या स्थापनेची चाळीस वर्षं साजरी करत होतो त्या दिवशी, अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हा घोळ थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि त्या मध्यरात्रीपासून जगभरची यंत्रं एकाएकी शहाणी झाली. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं रानात एक काळी बादली दडवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक हवाबंद डबा होता. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. आता जगभर अशा तीस लाखांहून जास्त डब्या दडलेल्या आहेत. खाण्याची वस्तू मात्र त्यात ठेवायची नाही असा नियम झालाय. मुंग्यांना अक्षांश-रेखांश लागत नाहीत.

तर यंत्र घ्यायचं ठरलं. प्रत्येकाच्या मनातलं यंत्र वेगळं निघालं. नववीतल्या मुलाला टचस्क्रीन, रंगीत नकाशा आणि उंची मोजणारा बॅरोमीटर हवा होता. सहावीतल्या मुलीची अट एकच, यंत्र कुठलंही चालेल पण ते दादाच्या हातात असता कामा नये. बायकोनं विचारलं, "सेल संपले की घरी कोण आणणार?" या प्रश्नाला देश-विदेशातल्या कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही. आईला देशाची काळजी. "आपले उपग्रह आहेत ना त्यात?" प्रश्न रास्त होता. इस्रोनं १ जुलै २०१३ रोजी पहिला आणि २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा दिशादर्शक उपग्रह सोडून आपली स्वतःची नाविक यंत्रणा उभी केली आहे. मात्र हातात धरायच्या स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर बहुधा अमेरिकेचं जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास एवढ्याचाच उल्लेख असतो, काहींवर युरोप आणि चीनचाही. "म्हणजे सगळ्यांचं चालतं, आपलंच नाही," आईनं निकाल दिला आणि त्या यंत्राकडं कायमच संशयानं पाहायचं ठरवलं.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मेहुण्यानं एक्सेलची शीट केली. मेहुणा हिंजवडीत असला की घरात काहीही घ्यायचं म्हटलं की शीट होतेच. आमच्या फ्रिजचीही झाली होती. शीटमध्ये गार्मिन कंपनीची यंत्रं ओळीनं मांडलेली. ईट्रेक्स १०, सन २०११, साधी काळी-पांढरी स्क्रीन, दोन सेल, पंचवीस तास. मग २०१९ मधली ईट्रेक्स २२ एक्स आणि ३२ एक्स, दोन्हीची स्क्रीन रंगीत, त्यातल्या दुसरीला होकायंत्र आणि बॅरोमीटरही. २०२३ मधली ईट्रेक्स एसई, पुन्हा काळी-पांढरी, पण सेल १६८ तास पुरतात असा दावा. आणि सगळ्यात वर जीपीएसमॅप ६७. अमेरिकेत एसईची किंमत बाजारात आली तेव्हा दीडशे डॉलर होती, २२ एक्सची दोनशे आणि ६७ ची पाचशे.

"दाजी, दीडशेच्या जागी दोनशे टाकले की नकाशा येतो," मेहुणा म्हणाला. "आणि अजून थोडे टाकले की होकायंत्र येतं."

"आणि अजून थोडे टाकले की?"

"मग सरळ ६७ च घ्या ना. एकदाच काय ते."

या 'एकदाच काय ते'नं मध्यमवर्गाची जेवढी बचत खाल्ली तेवढी महागाईनंही खाल्ली नसेल. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच उंच असते. पायऱ्या मोजायच्या नाहीत, फक्त पुढची बघायची, की माणूस टोकाला पोचतोच. चहा संपेपर्यंत मेहुणा ड्रोनच्या किमती बघत होता.

इथं एक सल्ला फुकटात देऊन टाकतो. आधी मोबाईलवर खेळून बघा. मोबाईलमध्ये जीपीएस असतंच आणि खेळाचं ॲपही मिळतं. बऱ्याच जणांना वाटतं की नेटवर्क गेलं की जीपीएस गेलं. तसं नसतं. उपग्रहाचा संदेश मोबाईलला थेट वरून मिळतो. टॉवर मदत करतो तो जागा चटकन सापडायला आणि नकाशा उतरवायला. सिंहगडाच्या मागच्या दरीत नेटवर्क गेलं तरी निळा ठिपका बरोबर जागी असतो. ठिपक्याच्या आजूबाजूला मात्र कोरा कागद दिसतो. घरून निघताना नकाशा उतरवून घेतला की हाही प्रश्न मिटतो.

मोबाईलची अडचण जीपीएसमध्ये नाही, ती मोबाईल असण्यात आहे. तो मुलाच्या हातात दिला की दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या जागी धावफलक येतो. भर उन्हात स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो, पावसात ओल्या बोटांना ती ओळखत नाही. डबी दहा पावलांवर आली की नेमका कर्ज हवंय का विचारणारा फोन येतो. आणि मुख्य म्हणजे सह्याद्रीचा दगड काळा बेसाल्ट आहे. मोबाईल त्यावर पडला की अख्खं घर जागच्या जागी थिजतं. यंत्र पडलं तर सगळे फक्त "उचल" म्हणतात. एवढ्या मनःशांतीसाठी वेगळं यंत्र घ्यायला हरकत नाही, असं शेवटी बायकोचंही मत पडलं.

इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हटल्यावर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आलीच. पायलीच्या मापानं वायरी विकणाऱ्या त्या गल्लीत जीपीएस मिळणार नाही असं होणं शक्य नव्हतं, आणि मिळालंही.

"गाडीला लावायचं ना?" दुकानदारानं एक काळी डबी काउंटरवर ठेवली. "ट्रक कुठं उभाय, ड्रायव्हर कुठं चहा पितोय, सगळं घरबसल्या कळतं."

"नाही, हातात धरायचं हवंय."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "कुणाच्या मागावर आहात का?"

"मुलांना खेळायला हवंय."

यावर त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं वॉकीटॉकीची एक पिवळी जोडी काढली. मुलीनं ती हातात घेतली. हातात घेतलेली वस्तू तिच्याकडून परत काढून घेण्याचं तंत्र अजून विकसित झालेलं नाही. जीपीएस आणायला गेलेलं आमचं कुटुंब अशा रीतीनं खेळण्यातली वॉकीटॉकी घेऊन घरी आलं. ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या एका दुकानात "मागवून देऊ" एवढं आश्वासन मिळालं. किंमत मात्र त्यांनी लगेच सांगितली.

मग अमेरिका. प्रत्येक मराठी घराचा एक भाचा अमेरिकेत असतो आणि तिकडं सगळं स्वस्त असतं अशी प्रत्येक घराची समजूत असते. ही समजूत डॉलरला रुपयानं गुणेपर्यंत टिकते. इथं एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. उपग्रहाचा संदेश नुसता ऐकणारं जीपीएस वेगळं आणि उपग्रहावरून उलट संदेश पाठवणारं यंत्र वेगळं. गार्मिनच्याच इनरीच मालिकेसारखी संदेश पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय भारतात आणता किंवा बाळगता येत नाहीत. असं यंत्र सामानात सापडल्यामुळं परदेशी पर्यटकांना इथल्या विमानतळांवर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. दुकानाच्या फळीवर ही यंत्रं एकमेकांशेजारीच मांडलेली असतात. तेव्हा कौतुकानं काही आणणाऱ्या भाच्याला मॉडेलचं पूर्ण नाव लिहून पाठवावं. 'चांगलंसं बघून आण' हा निरोप धोक्याचा आहे.

आमच्या भाच्यानं चांगलंसं आणलं नाही, फुकटातलं आणलं. त्याच्या मित्रानं कपाटात टाकलेलं जुनं ईट्रेक्स १०. शीटमधल्या तळाच्या ओळीत होतं ते. मेहुण्याच्या मनाला हा निकाल लागला.

संध्याकाळी सगळे बाल्कनीत जमलो. यंत्र चालू केलं, तर स्क्रीनवर उपग्रह शोधत असल्याची सूचना आली आणि तशीच राहिली. यात त्याचा दोष नव्हता. बराच काळ बंद पडलेलं आणि दुसऱ्या खंडातून आलेलं यंत्र आधी आकाशात कोण कुठं आहे याची यादी उतरवून घेतं. ती यादी उपग्रहाकडून पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात.

"दमलं असेल," आई म्हणाली. तिचा राग थोडा निवळला होता. "कालच तर उतरलंय."

शेजारच्या विंगमधले भूगोलाचे निवृत्त सर तेवढ्यात आले. सरांना कुणी बोलावलं नव्हतं, पण पाच माणसं आभाळाकडं बघत उभी आहेत म्हटल्यावर त्यांना राहवणं शक्य नव्हतं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. उपग्रह सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. तिथली वेळ आपल्या वेळेपेक्षा दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद पुढं धावते. आइन्स्टाईनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतानं ती दुरुस्त केली नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक होईल. जागा ठरवायला यंत्राला निदान चार उपग्रह दिसावे लागतात.

"आणि हे सगळं करून ते काय सांगणार?" बायकोनं विचारलं.

"तुम्ही बाल्कनीत आहात," सर म्हणाले.

प्रत्यक्षात तेही नीट सांगितलं नाही. यंत्राच्या मते आम्ही समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभे होतो. उंच भिंतींच्या मधोमध असं होतंच. संदेश सरळ येण्याऐवजी भिंतीवर आपटून येतो, त्याला उशीर होतो आणि यंत्राला वाटतं आपण लांब आहोत. पेठांच्या बोळांत हाच त्रास आणि गडाच्या कड्याखालीही हाच, कारण दोन्हीकडं अर्धं आभाळ झाकलेलं. हजारो रुपये जास्त मोजून घेतलेलं यंत्रही अशा जागी अडखळतं, थोडं कमी एवढंच. या शहरानं म्हणूनच जागा सांगायची गरज फार पूर्वी देवांवर भागवलेली दिसते. भिकारदास, पत्र्या, जिलब्या, डुल्या, उंटाड्या हे मारुती, पासोड्या, निवडुंग्या आणि उपाशी हे विठोबा. यंत्राला चार उपग्रह लागतात, पुणेकराला एक मारुती पुरतो. त्यावर भिंतींचा परिणाम होत नाही आणि त्याला सेल लागत नाहीत.

सेलवरून आठवलं. स्वस्त यंत्र निवडताना माहितीपत्रकातल्या ठळक गोष्टी सोडून बारीक अक्षरांतल्या तीन-चार गोष्टी बघाव्यात. पहिली म्हणजे सेल. साधे पेन्सिल सेल चालणारं यंत्र घ्यावं. आत बसवलेली बॅटरी संपली की चार्जर हवा, वीज हवी आणि धीर हवा. पेन्सिल सेल गडाच्या पायथ्याच्या टपरीवरही बिस्किटांच्या बरणीमागं मिळतात. फक्त अल्कलाइन मागावेत. स्वस्तातले साधे सेल यंत्रात फार टिकत नाहीत. शिवाय घरच्या घरी टीव्हीच्या रिमोटमधून काढायची सोय असतेच, अर्थात रिमोटचे सेल यंत्राच्या मापाचे असतील तर. आमच्याकडं हा प्रयोग झाला आणि त्या रात्री आईची मालिका बुडाली. त्यानंतर घरात सेलचा स्वतंत्र डबा झाला.

दुसरी गोष्ट पाणी. यंत्रावर आयपीएक्स ७ असं लिहिलेलं असलं तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं. पुण्याचा जून झेलायला एवढं पुरे.

तिसरी गोष्ट वायर. आमच्या यंत्राला मिनी यूएसबी नावाची जुनी वायर लागते, पूर्वी कॅमेऱ्यांना लागायची ती. माझ्या कपाटात जुन्या वायरींची एक पिशवी आहे. ती टाकून द्यावी असा ठराव दर दिवाळीला मांडला जातो आणि मी तो दर दिवाळीला एकट्याच्या मताने फेटाळतो. त्या पिशवीतून मी ती वायर सर्वांसमक्ष बाहेर काढली. बायको काही बोलली नाही. फक्त एवढंच म्हणाली, की आता उरलेल्या टाकायला हरकत नाही.

चौथी गोष्ट बाण. आमच्यासारख्या जुन्या स्वस्त यंत्रांत होकायंत्र नसतं. त्यामुळं तुम्ही चालत असाल तरच ते दिशा ओळखू शकतं. थांबलात की बाण वाटेल तिकडं फिरतो. म्हणजे डबी जवळ आली, आता जरा उभं राहून नीट बघू, असं म्हणायची सोय नाही. बाण हवा तर चालत राहा. बायकोच्या मते नवऱ्याला सकाळी चालायला लावणारं हे पहिलंच यंत्र बाजारात आलंय आणि त्याची जाहिरात त्याच नावानं करायला हवी.

पण या सगळ्यांहून मोठा सापळा यंत्रात नसून आकड्यांत असतो. जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश लिहितात ते अंश आणि दशांश मिनिटांत. मोबाईलचे नकाशे बहुतेक वेळा देतात ते नुसत्या दशांश अंशांत. दोन्हीकडं आकडे सारखेच वाटतात, मधल्या टिंबाची जागा तेवढी वेगळी दिसते, हिशेब मात्र वेगळा असतो. उदाहरणार्थ, सारसबाग म्हणजे ढोबळमानानं १८ अंश ३०.०५ मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ५१.२ मिनिटं पूर्व. हेच कुणी घाईघाईत १८.३००५ आणि ७३.५१२ असं भरलं, की यंत्र निमूटपणे चाळीसएक किलोमीटर नैर्ऋत्येला, तोरण्याच्याही पलीकडं, सह्याद्रीच्या कड्याजवळ नेऊन सोडतं. सारसबागेतला तळ्यातला गणपती राहतो पुण्यात आणि कुटुंब पोचतं कोकणाच्या तोंडाशी. यंत्र घेतल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ही एक गोष्ट आधी बघा. पाचशे डॉलरचं यंत्रही हे टिंब तुमच्यासाठी सरकवत नाही.

पुण्यात दडवलेल्या डब्या तशा कमीच. म्हणून पहिला सराव घरच्या डब्यावर करावा. मेहुण्यानं घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घेतला. आत वही, पेन्सिल, चार गोट्या आणि ऑफिसचं नाव असलेलं एक कीचेन ठेवलं. पहाटे जाऊन तळजाईच्या टेकडीवर कुठंतरी दडवला आणि आकडे पाठवले. खणायचं नाही, झाड तोडायचं नाही, कुठल्या जुन्या बांधकामाचा दगड उचकटायचा नाही, हे खेळाचेच नियम आहेत. ते त्यानं पाळले, शीटमध्ये तशी नोंदही केली.

यंत्र मुलीच्या हातात. बाण ठाम होता. दोनशे मीटर, ऐंशी, तीस, बारा. मग स्क्रीनवर पाच मीटर आले आणि तिथून पुढं आकडा कमी होईना. इकडं सरकलो की सहा, तिकडं सरकलो की चार, परत जागेवर आलो की सात. आकाश मोकळं होतं, उपग्रह भरपूर होते, यंत्र जेवढं सांगू शकत होतं तेवढं त्यानं सांगून टाकलं होतं. हातात धरायचं चांगलं यंत्रही अशा जागी थोडंफार चुकतंच, आणि ज्यानं डबा दडवला त्याचं यंत्रही तेवढंच चुकलेलं असतं. थांबायचं नाही म्हणून आम्ही चौघं एका दगडांच्या ढिगाभोवती गोल गोल चालत होतो.

"काय हरवलंय?" पांढरे बूट घातलेले एक आजोबा थांबले.

"काही नाही, डबा शोधतोय."

"जेवणाचा?"

एवढ्यात दोन काकू आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, एकीनं दुसरीला हलक्या आवाजात "मंगळसूत्र असेल गं" म्हटलं आणि दोघी पदर खोचून गवतात बघायला लागल्या. कुत्रा फिरवायला आलेला एक तरुण उभा राहिला. त्याला गुप्तधनाची शंका आली. ती रास्तच म्हणायची. हातात यंत्र, जमिनीकडं नजर, प्रदक्षिणा चालू. १८७८ सालचा एक कायदा अजून लागू आहे. त्याप्रमाणं जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मेहुण्याचं कीचेन नक्कीच दहा रुपयांच्या वरचं होतं. खेळात डबी पुरायला बंदी आहे हे किती बरं, नाहीतर कलेक्टर कचेरीत चार गोट्या जमा करून पावती घ्यावी लागली असती.

शोधणाऱ्यांची संख्या वाढत गेली. सूचनाही वाढल्या. शेवटी पांढऱ्या बुटांचे आजोबा ढिगाच्या डाव्या कडेला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे दोन दगड काल असे नव्हते. मी रोज इथं सूर्यनमस्कार घालतो."

दगड बाजूला केले. डबा होता.

आजोबांनी वही मागून घेतली. नाव लिहिलं, त्यापुढं पदवी, त्यापुढं निवृत्तीच्या वेळचा हुद्दा. मग 'सूचना' असं शीर्षक देऊन दोन मुद्दे लिहिले. एक, डबा पायवाटेपासून दूर ठेवावा. दोन, डब्यावर आत काय आहे ते ठळक लिहावं, लोक घाबरतात. दुसरी सूचना खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही बसते. बेवारस वस्तूला हात लावू नका ही घोषणा आपण स्टेशनवर रोज ऐकतो, आणि ती उगाच नसते. गर्दीच्या जागी, स्टेशन-मंडईत, देवळाच्या दारात असला डबा ठेवू नये. टेकडीवर ठेवावा, वर चिठ्ठी चिकटवावी.

त्या सकाळपासून घरात एक गोष्ट मान्य झाली आहे. दीडशे डॉलर आणि पाचशे डॉलर यांत जो फरक आहे तो रंगात आहे, नकाशात आहे, कड्याखाली आणि झाडीत थोड्या जास्त भरवशात आहे. शेवटच्या पाच मीटरमध्ये फारसा नाही. तिथवर स्वस्तातलं यंत्रही नेतं, आणि तिथून पुढं महागातलंही फारसं नेत नाही. तिथून पुढं लागतात दगडांवरून नजर फिरवणारी पोरं, पदर खोचणाऱ्या काकू आणि काल कुठला दगड कसा होता हे ठाऊक असलेला एखादा माणूस. पुण्यात या तिन्ही गोष्टी कुठल्याही टेकडीवर सकाळी साडेसहाला विनामूल्य उपलब्ध आहेत. शहराच्या या सुविधेचा विचार न करता लोक यंत्रावर पैसे घालतात, याचं मला नवल वाटतं.

तेव्हा पहिलं यंत्र स्वस्तातलं घ्या. पेन्सिल सेलचं घ्या, पाण्यात टिकणारं घ्या, आकड्यांची पद्धत आधी तपासा, जुनं मिळालं तर तेच घ्या. खेळ जमला नाही तर नुकसान थोडं. आणि जमला तर दुसरं यंत्र घ्यायची वेळ येईल, तेव्हा घरातले पाचही जण जाणकार झालेले असतील. जाणकारांचं एकमत होत नसतं. आमच्याकडं दुसऱ्या यंत्राची चर्चा सुरू झाली आहे, शीटमध्ये आता रकानेही वाढलेत आणि सरांनी सापेक्षतेचा एक वेगळा रकाना मागितला आहे. त्यावरून दिसतं, की पैसे निदान मुलगी बारावी होईपर्यंत सुरक्षित आहेत.